पदवीनंतरचं पहिलं वर्ष

बुंदेलखंड विद्यापीठाचे पदवीचे निकाल लागले की झाशीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांपुढे गर्दी होते. मार्कशीटची झेरॉक्स, जातीचा आणि रहिवासाचा दाखला, पासपोर्ट साइझ फोटो, पांढऱ्या कागदावर केलेली सही, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये. खंडेराव गेटच्या आतल्या जुन्या वस्तीतली मुलंमुली ह्या रांगेत असतात, तशी नव्या कॉलन्यांतलीही असतात. पहिले दोनतीन महिने बरे जातात. रेल्वेचा फॉर्म, पोलिसभरतीचा फॉर्म, लेखपालाचा फॉर्म, बी.एड.ची प्रवेश परीक्षा, काहीतरी हलतंय असं वाटतं. मग दिवाळी येते, बाहेरगावी नोकरीला लागलेले मित्र चार दिवस येऊन परत जातात, आणि त्यानंतर बऱ्याच घरांतून सारख्याच तक्रारी ऐकू येतात. मुलगा रात्रभर जागतो आणि अकराला उठतो. मुलगी सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही. मित्रांचे फोन वाजत राहतात. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल आला.

घरातली माणसं ह्याला आळस म्हणतात आणि मोबाइलवरचे व्हिडिओ ह्याला सरसकट डिप्रेशन म्हणतात. दोन्हींनी मुलांचं नुकसान होतं. गेल्या नव्वदेक वर्षांत बेकारी, तारुण्य आणि मन ह्यांवर जे काम झालंय ते एकत्र ठेवून पाहिलं तर मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. कॉलेज संपतं तेव्हा अभ्यासाबरोबर दिवसाचा सगळा सांगाडाच निघून जातो, आणि बहुतेकांना सर्वांत आधी तो परत उभा करून हवा असतो. ज्यांचा त्रास त्याच्याही पुढे गेलाय त्यांना उपचार लागतात, आणि ते उपचार आहेत, ते लागू पडतात.

खंडेराव गेट म्हणजे झाशीच्या जुन्या तटबंदीचा एक दरवाजा. ओरछा, दतिया, उन्नाव, भांडेर अशा गावांच्या नावांच्या दरवाजांत हे एक नाव मराठी कानाला लगेच ओळखीचं वाटतं. अठराव्या शतकात नारो शंकर इथे सुभेदार होते, पुढे नेवाळकर आले, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी कितीतरी मराठी घरं इथं येऊन स्थिरावली. ती पोटापाण्यासाठी आली होती, हे आपण राणी लक्ष्मीबाईच्या पराक्रमाच्या झळाळीत विसरतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले तेव्हा त्यांचं वय तिशीचं होतं. विद्या पदरात होती, घरावर कर्ज होतं आणि गावात राहून ते फिटण्याची आशा नव्हती. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असं कानावर आलं, दक्षिणा मिळेल म्हणून ते निघाले आणि फिरत फिरत झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. बंडाची हकिगत म्हणून आपण तो वाचतो, पण शिक्षण झालेल्या आणि मिळकत नसलेल्या तरुणाची हकिगत म्हणूनही तो वाचून बघावा.

आता वाट उलटी झाली आहे. झाशीच्या मराठी घरांतली मुलं पुणे, इंदूर, बंगळुरूकडे जातात. किल्ल्याजवळच्या ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणीचं लग्न झालं असं सांगतात, तिथल्या उत्सवाला जमणाऱ्या घरांत परगावी गेलेल्यांचीच चर्चा जास्त होते. मागे राहिलेल्या मुलाला किंवा मुलीला त्या मंडपात “सध्या काय चाललंय?” हा प्रश्न मराठीत येतो आणि गल्लीत “आजकल क्या कर रहे हो, बेटा?” असा हिंदीत येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो, आणि पुढच्या वेळी तो मंडपात जायचंच टाळतो.

हा प्रश्न एकेका मुलाचा नाही, हे आकड्यांवरून आधी पाहून घेऊ. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट ह्यांनी २०२४ साली भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यात २०२२ सालची स्थिती दिली आहे. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेकारीचं प्रमाण ३.४ टक्के आणि पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के, म्हणजे जवळजवळ नऊपट. गरीब घरातल्या अशिक्षित मुलाला रिकामं बसणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम धरतो, हे ह्यामागचं एक कारण. पदवीधराला त्याच्या पदवीला शोभेल असं काम हवं असतं आणि घरालाही तेच हवं असतं. शिक्षणावर पैसा आणि वर्षं खर्ची पडल्यावर ही अपेक्षा चूक म्हणता येत नाही. पण तिची किंमत मनाला मोजावी लागते.

त्यात वय आड येतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतून २००५ साली असं दिसलं, की आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी तीन चतुर्थांश वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे मन सर्वांत हळवं असतं ते वय आणि पदवीचं वय एकच.

दिवसाचा सांगाडा गेला की माणसाचं काय होतं ते बघायला आता १९३०च्या दशकातल्या ऑस्ट्रियात जाऊ. व्हिएन्नाजवळ मारिएनटाल नावाचं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल ह्या तरुण संशोधकांनी तिथं जाऊन बारकाईनं पाहणी केली आणि १९३३ साली ती प्रसिद्ध केली. त्यांना वाटत होतं, माणसांना वेळ मिळाला आहे तर ती वाचतील, सभांना जातील, राजकारणात उतरतील. झालं उलटंच. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांचा वेग मंदावला, मध्येच थांबणं वाढलं. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर पुरुषांना दोनतीन गोष्टींपलीकडे काही आठवेना. बायकांचा दिवस मात्र घरकामानं भरलेला होता, त्यांची चाल तशी मंदावली नव्हती.

पुढे याहोडानं ह्यातून एक विचार मांडला, आणि पदवीनंतरच्या उदासीबद्दल मी जे काही वाचलंय त्यात मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. नोकरी पगार देते हे उघडच आहे. पण पगाराखेरीज ती नकळत पाच गोष्टी देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्यापेक्षा मोठ्या कशात तरी सहभाग, समाजात एक ओळख, आणि हातापायांना नेमानं काम. नोकरी गेली की ह्या पाचही गोष्टी जातात आणि माणूस ढासळतो.

हीच पाच बोटं कॉलेजवर मोजून बघा. सकाळी साडेनऊचं लेक्चर म्हणजे वेळापत्रक. वर्गातली मुलं, कॅन्टीन, टेम्पोतला शेजारी म्हणजे माणसं. परीक्षा, गॅदरिंग, एन.एस.एस. म्हणजे सहभाग. “बी.एस्सी. थर्ड इयर” ही ओळख. आणि रोजचं जाणंयेणं, लिहिणं, प्रॅक्टिकल म्हणजे काम. शेवटचा पेपर दिला त्या दुपारी पाचही एकदम थांबतात. नोकरी गेलेल्या माणसाबद्दल गाव निदान हळहळतं. पदवी घेतलेल्याचं अभिनंदन होतं, त्यामुळे आपलं काय हरवलंय हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. मी नापास झालो नाही, कुणी गेलं नाही, घरात भांडण नाही, मग मला असं का होतंय? हा प्रश्न विचारणारी मुलं खरंच गोंधळलेली असतात. त्यांना ही पाचांची यादी दाखवली की पुष्कळांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसतं.

उत्तर प्रदेशातल्या छोट्यामोठ्या शहरांत तासांच्या हिशोबानं पैसे घेऊन टेबल-खुर्ची देणाऱ्या ‘लायब्ररी’ गल्लोगल्ली निघाल्या आहेत, पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका तशाच. तिथं पुस्तकं फारशी नसतात. घरी टेबल असूनही मुलं महिन्याचे पैसे भरून तिथं का जातात, हे वडिलांना कळत नाही. मला वाटतं ती मुलं याहोडाच्या पाचांतल्या दोन गोष्टी विकत घेत असतात: ठरलेल्या वेळी पोचायची जागा आणि शेजारी बसलेलं आपल्यासारखंच माणूस. पैशांचा हा खर्च मला रास्त वाटतो.

उदासी समजली, पण घबराटीचं काय? तिचं मूळ वाट बघण्यात आहे. झाशी रेल्वेचं शहर. जंक्शन आणि वॅगन वर्कशॉपमुळे रेल्वेची नोकरी हे इथल्या पिढ्यांचं स्वप्न. रेल्वेनं २०१९ साली एन.टी.पी.सी.ची, म्हणजे बिगरतांत्रिक पदांची, जाहिरात काढली, पस्तीस हजारांच्या आसपास जागा, सव्वा कोटी अर्ज. पहिली परीक्षा सुरू झाली डिसेंबर २०२०मध्ये, तिचा निकाल आला जानेवारी २०२२मध्ये, आणि त्या निकालावरून बिहारात आणि प्रयागराजला मुलं रुळांवर उतरली. उत्तर प्रदेश पोलिसांच्या ६०,२४४ शिपाईपदांच्या फेब्रुवारी २०२४मधल्या परीक्षेसाठी अठ्ठेचाळीस लाखांवर उमेदवारांनी अर्ज भरले होते. पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली, ऑगस्टात पुन्हा घेतली. विशीतल्या माणसाची दोनतीन वर्षं एका तारखेवर टांगलेली राहतात. तारीख कळत नाही, कळली तर बदलते. वाईट बातमीला मन कसंबसं तोंड देतं, पण बातमीच न येणं त्याला सहन होत नाही. मग वेबसाइट दिवसातून वीस वेळा उघडली जाते, आन्सर की आली की रात्री दोनपर्यंत गुण मोजले जातात, झोप उडते, धडधड वाढते. क्रेग जेफ्री ह्या भूगोलाच्या अभ्यासकानं मेरठमधल्या पदवीधर तरुणांवर ‘टाइमपास’ नावाचं पुस्तक २०१० साली लिहिलं. मुलं रिकामी दिसली तरी ती स्वस्थ नसतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी ते वाचावं.

मुलींची गोष्ट वेगळी लिहायला हवी. मुलगा बेकार असला तरी संध्याकाळी खंडेराव गेटच्या चौकात उभा राहू शकतो, चहाच्या टपरीवर दोन तास काढू शकतो. मुलीला घराबाहेर पडायला कारण लागतं आणि कॉलेज हे तिचं एकमेव कारण होतं. ते संपलं की तिचा दिवस घरकामानं भरतो, म्हणून ती रिकामी दिसत नाही आणि तिची उदासी कुणाच्या ध्यानात येत नाही. मारिएनटालच्या बायकांचं उदाहरण इथं जसंच्या तसं लागू करणं चूक ठरेल: त्या स्वतःचा संसार तोलून धरत होत्या, ही मुलगी पुढच्या संसाराची वाट बघत आईच्या हाताखाली दिवस काढते. त्यातच स्थळं सुरू होतात. बायोडेटात ‘एम.ए. (चालू)’ लिहायला बरं दिसतं म्हणून तिचं नाव घातलं जातं आणि वर्गात मात्र पाठवलं जात नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं आईकडून एवढंच कबूल करून घेतलं, की रोज चार ते सहा ती शेजारच्या मुलांची शिकवणी त्यांच्याच घरी जाऊन घेईल. पैसे नाममात्र. पण चारला केस विंचरून, ओढणी घेऊन बाहेर पडायचं, आणि परत येताना वहीचं नाहीतर पेनाचं दुकान करून यायचं, ह्या दोन तासांवर तिचा सबंध दिवस उभा राहिला. रात्री झोप लागू लागली हे तिनं सगळ्यांत आधी सांगितलं.

नोकरी मिळालेल्यांबद्दलही एक शब्द, कारण त्यांचं दुःख कुणी हिशोबात धरतच नाही. पुण्यात किंवा बंगळुरूत पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलाचं वेळापत्रक शाबूत असतं, पण माणसं गेलेली असतात. भाड्याच्या खोलीत रविवार काढणं जड जातं, आणि घरी सांगायची सोय नसते, कारण घरी पेढे वाटून झालेले असतात.

आता आजाराची रेघ कुठं ओढायची? डॉक्टर जे निकष लावतात ते साध्या शब्दांत सांगता येतात. सलग दोन आठवडे, दिवसाचा बराचसा भाग मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडणं, सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता वाढणं, जगण्यात अर्थ नाही असे विचार येणं. ह्यांतली पाचेक लक्षणं एकत्र असली आणि रोजचं जगणं अडत असलं तर स्वतःच्या बळावर बाहेर येण्याची वाट बघू नये. थायरॉइड, रक्ताची कमतरता, बी-१२ हे तपासून घेतलेलं बरं, कारण तीही दुखणी असाच थकवा देतात. जगण्याबद्दलचे काळे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांत १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर, १,७६४. पदवी घेऊन बसलेल्यांची गणती विद्यार्थ्यांत होतेच असं नाही. कुणी “मला आता नको वाटतं” म्हणालं तर सरळ विचारावं, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि मग त्याला एकटं सोडू नये.

उपचारांच्या बाबतीत सर्वांत आशेची बातमी गोव्याहून आली आहे. ‘संगात’ ही संस्था तिथं १९९६पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर एक चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते, त्याच भागातली प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी नेहमीच्या सेवेतले ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के. हे काम ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

ही माणसं बैठकीत नेमकं काय करत होती? उदास माणूस गोष्टी टाळतो, टाळल्यानं आनंदाच्या आणि यशाच्या संधी कमी होतात, त्यामुळे आणखी उदास होतो. हे चक्र मनाच्या बाजूनं फिरवणं अवघड जातं, हातापायांच्या बाजूनं फिरवता येतं. म्हणून आठवड्याचा कागद आखायचा. सोमवार, सात वाजता, किल्ल्याच्या रस्त्यानं वीस मिनिटं चालणं. मंगळवार, अकरा, बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं. बुधवार, पाच, एका मित्राला फोन. इच्छा होईल तेव्हा करायचं असं नाही, ठरलं म्हणून करायचं. करण्यापूर्वी आणि केल्यावर मनाला शून्य ते दहा गुण द्यायचे. दोनचे तीन झाले तरी लिहून ठेवायचे. आठवड्याच्या शेवटी कोणत्या गोष्टीनं एखादा गुण वाढला ते बघायचं आणि ती पुढच्या आठवड्यात दोनदा घालायची. हे फार साधं आहे म्हणून शिकलेली मुलं ते हसण्यावारी नेतात. मी त्यांना आग्रहानं सांगेन की नीट आठ आठवडे करून बघा. याहोडाच्या पाच गोष्टी ह्याच कागदावर एकेक करून परत येतात.

घबराटीसाठी मराठीत आपल्याकडे एक मोठी देणगी आहे. अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस ह्यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती उभी केली. मुंबईचे कि. मो. फडके ह्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि ती पद्धती मराठी माणसापर्यंत आणली. डॉ. अंजली जोशी ह्यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ वाचनालयांत मिळतं. १९९०पासून ठाण्यात चाललेल्या डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांच्या आय.पी.एच. संस्थेनं हाच विचार शाळाकॉलेजांपर्यंत नेला. त्याचं मर्म असं, की घटनेपेक्षा घटनेबद्दलचा हट्ट आपल्याला जास्त छळतो. “ह्या वर्षी निवड व्हावी” ही इच्छा माणसाला अभ्यासाला बसवते. “ह्या वर्षी निवड झालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी” हा हट्ट त्याला पुस्तकासमोर गोठवून टाकतो. फॉर्म नाकारला जाणं आणि आपण नाकारले जाणं ह्यांत फरक आहे, हे वहीत, स्वतःच्या अक्षरात, पुन्हा पुन्हा लिहून तपासावं लागतं. मात्र ह्याचा वापर व्यवस्थेची चूक झाकायला होऊ नये. पेपर फुटल्यावर आलेला राग विवेकाला धरूनच आहे.

औषधांविषयी घराघरांत जी भीती आहे ती अनाठायी आहे. नैराश्यावरच्या आजच्या औषधांची सवय दारूसारखी लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि नेमकं त्याआधीच बरेच जण ती सोडून देतात. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांनी आणि घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं असतं, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नसतात. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणणं मात्र खरंच धोक्याचं आहे.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नसतात. उत्तर प्रदेश त्या सर्वेक्षणात होता. अंतर हे कारण झाशीला तरी सांगता येत नाही. खंडेराव गेटहून निघून रिक्षानं महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात पोचता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी यंत्रणेतून हे उपचार मिळणं हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. ओपीडीच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२पासून तो चालू आहे, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीतूनही बोलता येतं. ज्या मुलीला हिंदीत रोजचं सगळं बोलता येतं पण आतलं सांगताना मराठीच लागते, तिच्यासाठी ही लहान सोय नाही.

ह्या सगळ्यात महाविद्यालयं कुठं आहेत? पदवी दिली की त्यांचा विद्यार्थ्याशी संबंध संपतो. निकालाच्या दिवशी ओळखपत्र जमा करून घेतलं जातं, वाचनालयाची अनामत परत केली जाते आणि जे वर्ष सर्वांत अवघड असतं त्या वर्षात मुलाला पाय ठेवायला जागा उरत नाही. ओळखपत्राची आणि वाचनालयाची मुदत पदवीनंतर एक वर्ष वाढवायला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. विभागातल्या एका शिक्षकानं सहा महिन्यांनी आपल्या तीस-चाळीस माजी विद्यार्थ्यांना एकेक फोन करायला एक आठवडा पुरतो. गणेशोत्सवाच्या मंडपात जमणाऱ्या मराठी मंडळींनीही मनावर घेतलं तर पदवीधर मुलांकडे एखादं खरं काम सोपवता येईल: उत्सवाचा हिशोब, जुन्या कागदपत्रांची यादी, लहान मुलांचा मराठीचा वर्ग. त्यासाठी ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि कामाला शोभेल असं मानधन द्यावं. बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ साली स्थापन झालं, त्याच्या जवळपास पन्नास तुकड्या बाहेर पडल्या. ओळखपत्राच्या मुदतीचा ठराव पुढच्या निकालाआधी करता येण्यासारखा आहे.